वस्तीत रोजची नाकाबंदी हवी की ओळखीचा बीट अंमलदार? निवेदन देण्यापूर्वी मते हवी आहेत

वस्तीकर

नमस्कार. दक्षिण नागपुरातील एका जुन्या लेआउटमध्ये आम्ही बावीस वर्षांपासून राहतो. यंदा दिवाळीनंतर आमच्या परिसरात सोनसाखळी हिसकावण्याचे दोन प्रकार घडले आणि एक बंद घर फुटले. तेव्हापासून रोज संध्याकाळी सात ते दहा या वेळेत मुख्य चौकात नाकाबंदी असते. पहिल्या आठवड्यात सर्वांनाच बरे वाटले. आता मात्र वस्तीत दोन तट पडले आहेत.

माझा मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि रात्री साडेनऊला अभ्यासिकेतून परततो. गेल्या महिन्यात त्याला त्याच चौकात सहा वेळा थांबवले गेले. कागदपत्रे पूर्ण असतानाही एकदा दुचाकीची किल्ली काढून घेऊन त्याला अर्धा तास उभे ठेवले. पानठेल्याजवळ उभ्या असलेल्या चार मुलांना भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या. त्यांतला एक आमच्याच ओळीतला, बारावीत शिकणारा आहे. त्या दिवसापासून तो मुलगा कोणाशी नजर मिळवत नाही, आणि हे नुकसान मला चोरीला गेलेल्या दागिन्यापेक्षा लहान वाटत नाही. दुसऱ्या बाजूला, शेजारच्या काकू एकट्या राहतात आणि चौकात पोलिसांची गाडी दिसली तरच आपल्याला शांत झोप लागते, असे त्या सांगतात.

आमच्या नागरिक समितीला पुढील आठवड्यात ठाणेदारांना निवेदन द्यायचे आहे. एका मसुद्यात नाकाबंदी कायम ठेवावी अशी मागणी आहे. दुसरा मसुदा मी लिहिला आहे. नाकाबंदी कमी करावी, वस्तीला ठरलेला बीट अंमलदार, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील ठरावीक भाग सांभाळणारा पोलीस, मिळावा आणि त्याने दर महिन्याला रहिवाशांबरोबर बसावे, असे त्यात म्हटले आहे. समितीसमोर तो मांडताना मला पुरेसे आधार देता आले नाहीत, म्हणून येथे विचारतो आहे. विरोधी मत असेल तर ते अवश्य सांगावे.

संध्या_वि

विरोधी मत माझे आहे. तीन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेले असताना माझे मंगळसूत्र ओढले गेले. मानेवरची जखम दहा दिवसांत भरली, पण त्यानंतर पाच महिने मी एकटी घराबाहेर पडले नाही. दूध आणायलाही मुलीला बरोबर घेऊन जात असे. मग आमच्या उद्यानाच्या फाटकाशी सकाळी दोन पोलीस उभे राहू लागले आणि त्या आठवड्यात मी पुन्हा फिरायला गेले. ते माझ्याशी एक शब्दही बोलत नव्हते, आणि त्यांनी बोलावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. ते तेथे उभे होते, एवढेच मला पुरेसे होते.

आपल्या मुलाला झालेला त्रास मी कमी लेखत नाही. परंतु ‘धाक’ हा शब्द कोणी तुच्छतेने उच्चारला की मला वाटते, बोलणाऱ्याच्या गळ्याला अजून कोणाचा हात लागलेला नाही. आपल्या शेजारच्या काकूंचे म्हणणे निवेदनात पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे.

निवृत्त_हवालदार

मी नागपूर शहर पोलीस दलात चौतीस वर्षे होतो आणि त्यातली अकरा वर्षे बीटवर काढली. ताईंचे म्हणणे खरे आहे. गणवेश दिसल्याने माणसाला धीर येतो आणि तो धीर देणे हे पोलिसाचे कामच आहे. पण धीर देणे आणि चोर पकडणे या कामांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, एवढे मी अनुभवावरून सांगतो.

नाकाबंदीचा उपयोग केव्हा होतो? गुन्हा नुकताच घडला आहे, दुचाकीचा रंग कळला आहे, मागे बसलेल्याच्या शर्टाचे वर्णन बिनतारी संदेशावर आले आहे, अशा वेळी शहरातील ठरावीक नाके बंद केले तर माणूस हाती लागतो. ठरलेल्या चौकात, ठरलेल्या वेळी, रोज लावलेली नाकाबंदी तिसऱ्या दिवशी गुन्हेगाराला पाठ होते आणि तो मागच्या गल्लीने जातो. चौकात अडकतो तो कामावरून परतणारा माणूस. रोज किती वाहने तपासली याचा आकडा वर पाठवायचा असतो, म्हणून शिपाई वाहने थांबवत राहतो. त्यात त्याचा द्वेष नसतो, हेही लक्षात घ्यावे.

बीटवरचे काम वेगळे असते. माझ्या बीटमध्ये एका वर्षी सायकली आणि गॅस सिलिंडर चोरीला जाऊ लागले. दोन महिने गस्त वाढवून काही हाती लागले नाही. एके दिवशी पहाटे दूधवाला सहज बोलून गेला की अमुक घरच्या नवीन भाडेकरूंकडे दूध घ्यायला दुपारी बारापर्यंत कोणी दार उघडत नाही. घरमालकाने भाडेकरूंची माहिती ठाण्यात दिलेली नव्हती. पुढचे चार दिवसांत उलगडले. दूधवाल्याने ही गोष्ट ठाण्यात येऊन कधीच सांगितली नसती. तो मला सांगू शकला, कारण त्याच्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यासाठी मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो.

आता अडचण सांगतो. असा बीट अंमलदार आज मागाल तर तो मिळेल, पण टिकणार नाही. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन आले की ठाण्यातील माणसे विधान भवन, मोर्चाचे मार्ग आणि मंत्र्यांचे बंगले येथे जातात. त्याआधी गणपती, मारबत, देवी, धम्मचक्र प्रवर्तन दिन यांचा बंदोबस्त असतो, मध्येच क्रिकेटचा सामना येतो. वर्षातील कितीतरी दिवस बीटचा माणूस बीटवर नसतो. त्याची वस्तीशी ओळख होते न होते तोच बदलीचा आदेश येतो. म्हणून निवेदनात माणूस मागताना तो बंदोबस्ताला कमीत कमी जाईल आणि किमान दोन वर्षे राहील, हेही मागा.

गांधीबाग_दुकानदार

हवालदार काकांनी भाडेकरूंचा मुद्दा काढला, तो महत्त्वाचा आहे. आमच्या बाजारातही बाहेरगावच्या हमालांची नोंद आम्ही दुकानदारांनीच ठेवायला सुरुवात केली, तेव्हा गोदामातील चोऱ्या कमी झाल्या. पोलिसांनी फक्त वही कशी ठेवायची ते दाखवले.

विधी_वाचक

काही कायदेशीर बाबी स्पष्ट करतो, कारण निवेदनात त्या उपयोगी पडतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखवला पाहिजे आणि डिजिलॉकरमधील कागदपत्रेही ग्राह्य आहेत. त्यामुळे थांबवणे कायदेशीर आहे. उठाबशा ही शिक्षा मात्र कोणत्याही कायद्यात नाही, आणि शिक्षा देण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे. मुलांवर संशय असेल तर नोंद करावी, पालकांना बोलवावे, गुन्हा असेल तर दाखल करावा. यात रस्त्यावरची बेअब्रू कोठेच बसत नाही.

ही सवय कोठून आली हेही पाहण्यासारखे आहे. लंडनमध्ये 1829 साली रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने जे पोलीस दल उभे राहिले, ते सैन्यापेक्षा वेगळे दिसावे म्हणून त्याला निळा गणवेश दिला गेला आणि शिपाई सहसा शस्त्राविना गस्त घालत. इंग्रजांनी आपल्या राजधानीसाठी हा नमुना निवडला. आपल्यासाठी मात्र 1857 च्या उठावानंतर 1861 चा पोलीस कायदा केला आणि त्यामागे आयर्लंडमधील सशस्त्र दलाचा नमुना होता, ज्याचे काम जनतेला ताब्यात ठेवणे हे होते. महाराष्ट्रात आज 1951 चा महाराष्ट्र पोलीस अधिनियम लागू आहे. त्यातही कलम 37 खालील जमावबंदीचा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. असाधारण अधिकाराला मुदत असावी, हे तत्त्व कायद्याने स्वीकारलेले आहे. आपल्या चौकातील नाकाबंदीला मुदत कोणती, हा प्रश्न निवेदनात विचारता येईल.

आणखी एक. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी दिलेल्या निर्देशांमध्ये ठाणेदारासह प्रत्यक्ष कामावरील अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्यावा, असे सांगितले आहे. शिपाई आणि हवालदार त्या निर्देशात येत नाहीत, पण हवालदार काकांची मागणी त्याच विचाराची आहे.

बर्डीवरचा

नागपुरात पोलीस आणि लोक समोरासमोर आल्याचा विषय निघाला की मला 23 नोव्हेंबर 1994 आठवतो. मी त्या वेळी सीताबर्डीत एका कापड दुकानात नोकरीला होतो. गोवारी समाजाचा मोर्चा विधानसभेवर आला होता, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला. पायात चप्पल नसलेल्या बायका, कडेवर लेकरे, हातात भाकरीची फडकी, असे ते लोक सकाळपासून आमच्या समोरून जात होते. संध्याकाळी पोलिसांचा लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसे गेली. त्यांत बायका आणि मुले फार होती. रात्री रस्त्यावर पडलेल्या चपला आणि शिदोऱ्या मी पाहिल्या आहेत. आज तेथे स्मारक आहे आणि वर्धा रोडवरील उड्डाणपुलाला त्यांचे नाव आहे. त्या पुलावरून जाताना माझा हात आपोआप कपाळाकडे जातो.

याच शहरात दरवर्षी दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. पोलीस तेथेही असतात. परंतु रांगेत म्हाताऱ्या माणसाला हात देणारा, हरवलेल्या मुलाला उचलून घोषणेच्या कक्षाकडे नेणारा, वाट मोकळी ठेवणारा बहुतेक वेळा समता सैनिक दलाचा स्वयंसेवक असतो. तो गर्दीतूनच आलेला असतो, म्हणून गर्दी त्याचे ऐकते. मोठी गर्दी म्हणजे धोका असे गृहीत धरून काठी घेऊन समोर उभे राहणे आणि तिच्यातल्याच माणसांच्या हाती व्यवस्था सोपवून बाजूला उभे राहणे, या दोन्ही गोष्टी आपल्या शहराने पाहिल्या आहेत.

माधव_त्रिमूर्तीनगर

1994 ची घटना विसरता येणारी नाही. तरीही मोर्चाचा बंदोबस्त आणि वस्तीतील चोऱ्या यांना एकाच मापाने मोजू नये, असे मला वाटते. लेखकाचा प्रश्न रोजच्या रस्त्याचा आहे. नाकाबंदीने चोऱ्या खरोखर कमी होतात का, याचे उत्तर कोणाकडे आहे का?

आकडेवारी_प्रेमी

या प्रश्नाचा अभ्यास अनेक ठिकाणी झाला आहे. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही भागांतील गाड्यांची नेहमीची गस्त बंद केली, काही भागांत ती दुप्पट-तिप्पट केली आणि काही ठिकाणी होती तशी ठेवली. गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नाही आणि बहुतेक रहिवाशांना बदल जाणवलाही नाही. नेवार्क शहरात पायी गस्तीचा प्रयोग झाला. तेथे गुन्हे फारसे घटले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली. संध्याताईंना जे वाटले ते असेच आहे आणि ते मोजण्याइतके खरे आहे. फिलाडेल्फियात 2009 मध्ये निवडक 60 धोक्याच्या जागांवर पायी गस्त ठेवली, तेव्हा इतर तुलनीय जागांच्या मानाने हिंसक गुन्हे 23 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे गस्त नेमक्या जागी आणि पायी असेल, तर उपयोग होतो.

अडवून तपासण्याबद्दल न्यूयॉर्कचे उदाहरण पाहावे. 2011 या एका वर्षात तेथील पोलिसांनी सुमारे 6 लाख 85 हजार वेळा लोकांना रस्त्यात थांबवले आणि त्यांतील बहुसंख्य लोकांवर कोणतीही कारवाई करण्यासारखे काही सापडले नाही. 2013 मध्ये न्यायालयाने ही पद्धत ज्या प्रकारे वापरली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. 2015 पर्यंत ही संख्या पंचवीस हजारांच्या आत आली, आणि गुन्ह्यांचा जो भडका उडेल असे सांगितले जात होते तो उडाला नाही.

आता माझ्याच बाजूला अडचणीत टाकणारी गोष्टही सांगितली पाहिजे. 2021 च्या शेवटी ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांतील प्रयोगांचा एकत्रित निष्कर्ष आला. बैठका, पायी गस्त, तक्रारपेट्या असे लोकसहभागाचे उपाय करूनही पोलिसांवरचा विश्वास वाढला नाही आणि गुन्हेही घटले नाहीत. संशोधकांनी कारणे दिली ती हवालदार काकांनी न वाचताच सांगितली आहेत: मनुष्यबळ अपुरे, अधिकाऱ्यांच्या बदल्या, आणि लोकांनी सांगितलेल्या तक्रारींवर पुढे काहीच न होणे. राजस्थानात 11 जिल्ह्यांतील 162 ठाण्यांवर झालेल्या अभ्यासातही ठाण्यात नागरिक निरीक्षक बसवण्याचा उपाय फसला. बदल्या थांबवणे आणि पोलिसांना प्रशिक्षण देणे यांचा मात्र उपयोग दिसला. त्यामुळे ‘मासिक बैठक घ्यावी’ एवढेच वाक्य असलेले निवेदन मला अपुरे वाटते.

उत्तर_नागपूर_माय

एवढे सगळे अभ्यास वाचून मी सांगते ते कदाचित साधे वाटेल. आमच्या भागात पोलीस जास्त आहेत की कमी, हा प्रश्न आम्हाला कधी पडलाच नाही. पोलीस ऐकतात की नाही, हाच प्रश्न होता.

13 ऑगस्ट 2004 रोजी जिल्हा न्यायालयाच्या खोलीत कस्तुरबानगरच्या बायांच्या जमावाने वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला ठार मारले, हे साऱ्या देशाने वाचले. दहा वर्षांनी, 2014 मध्ये, खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. जे झाले त्याचे समर्थन मी करत नाही. माणूस न्यायालयात मारला जावा, ही गोष्ट कोणत्याही शहराला शोभत नाही. पण त्या बाया वर्षानुवर्षे तक्रारी घेऊन जात होत्या आणि आपले कोणी ऐकले नाही, असे त्या सांगत आल्या. मी त्या वेळी जवळच्याच वस्तीत नवी नवरी म्हणून आले होते. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, काही झाले तर आधी शेजारणीला हाक मार, ठाण्याचे नंतर पाहू. त्या अनुभवातून बोलत होत्या.

आज महिलांसाठी भरोसा सेल आहे, दामिनी पथक आहे, 112 वर फोन केला की गाडी येते. माझ्या पुतणीला मागच्या वर्षी त्रास झाला तेव्हा एक महिला अंमलदार दोनदा घरी आल्या, चहा घेतला नाही, पण तासभर बसून सगळे ऐकले आणि लिहून घेतले. नंतर काय झाले तेही फोन करून कळवले. त्या फोननंतर आमच्या गल्लीतील आणखी दोघी बोलायला तयार झाल्या. निवेदनात लिहा की दिलेल्या तक्रारीचे काय झाले, ते पंधरा दिवसांत कळवावे.

मध्य_नागपूर

मी संचारबंदी अनुभवली आहे, म्हणून लिहितो. 17 मार्च 2025 च्या रात्री आमच्या भागात दंगल झाली, त्यानंतर शहरातील 11 ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि 23 मार्चला ती पूर्णपणे उठली. त्या रात्री दगड आणि आग यांच्यामध्ये पोलीस उभे राहिले आणि अनेक जण जखमी झाले. तेव्हा ते तेथे आले नसते तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. त्यामुळे मोठा बंदोबस्त नेहमीच चुकीचा असतो, असे मी म्हणणार नाही.

संचारबंदीच्या तिसऱ्या दिवशी माझ्या आईचे इन्सुलिन संपले. कोपऱ्यावर बाहेरून आलेले जवान होते. ते उद्धट नव्हते, पण आम्ही कोण हे त्यांना माहीत नव्हते आणि प्रत्येकाला घरात जा म्हणण्याचा त्यांना आदेश होता. शेवटी मी आमच्या बीटच्या जुन्या हवालदारांना फोन केला, जे पूर्वी रोज आमच्या दुकानाच्या पायरीवर पाच मिनिटे टेकत असत. त्यांची बदली झाली होती. तरीही त्यांनी दोन फोन केले आणि अर्ध्या तासात एक शिपाई माझ्या भावाला औषधाच्या दुकानापर्यंत घेऊन गेला आणि परत सोडून गेला. बदली झालेल्या माणसाची ओळख कामी आली, आणि नवीन माणसाला आम्ही अजून ओळखत नव्हतो, ही गोष्ट मला तेव्हापासून छळते आहे.

शांतता समितीबद्दलही सांगतो. सण आला की बैठक होते, तेच पंधरा-वीस प्रतिष्ठित येतात, त्यांचे सत्कार होतात, छायाचित्र निघते. ज्या मुलाच्या हातात उद्या दगड येऊ शकतो, त्याला किंवा त्याच्या आईला त्या खोलीत कोणी बोलावत नाही. भिवंडीत असे झाले नव्हते. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी पोळलेल्या त्या गावात पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्यांत पुढाऱ्यांऐवजी गल्लीतील साधी माणसे आणि त्या भागाचे पोलीस एकत्र बसत, आणि नळ, गटार, किरकोळ भांडणे असे विषयही तेथे निघत. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईनेही मोहल्ला समित्या सुरू केल्या. समिती दंगलीच्या आधी चार वर्षे बसत होती, म्हणून दंगलीच्या दिवशी उपयोगी पडली.

रेशीमबागकर

मध्य_नागपूर यांनी सांगितलेला शेवटचा मुद्दा मला पटला. एक धोका मात्र नोंदवतो. लोकसहभागाच्या नावाखाली काही ठिकाणी ओळखपत्रे वाटली जातात आणि ती मिळालेली मंडळी स्वतःलाच पोलीस समजू लागतात. आमच्या पूर्वीच्या वस्तीत असा एक गृहस्थ ओळखपत्र दाखवून भाजीच्या ठेल्यांना उठवत असे आणि प्रेमी जोडप्यांना दरडावत असे. तमिळनाडूत 1993 पासून ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ ही चळवळ नावाजलेली होती. 2020 च्या जूनमध्ये सातानकुलम येथे पोलीस कोठडीतील छळानंतर वडील आणि मुलगा मरण पावले, त्या प्रकरणात या स्वयंसेवकांवरही आरोप झाले आणि राज्य सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. म्हणून आपल्या निवेदनात ‘पोलीस मित्र नेमावेत’ असे वाक्य असेल तर ते काढून टाकावे. रहिवाशांनी रहिवासी म्हणूनच बोलावे, अर्ध्या गणवेशात नाही.

वस्तीकर

होय, ते वाक्य माझ्या मसुद्यात होते. आज काढले.

अंमलदाराची_पत्नी

सर्वांचे वाचले. माझे यजमान नाकाबंदीवर उभे राहणाऱ्यांपैकी आहेत, आपल्या चौकात नाही, दुसऱ्या भागात. सकाळी आठला निघालेला माणूस रात्री अकराला येतो. अधिवेशनाच्या दिवसांत मुले त्यांना झोपलेलेच पाहतात. 2016 मध्ये मुंबईतील देवनार ठाण्यात एका शिपायाच्या सूचनेवरून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये सगळ्या बायकांनी ती बातमी एकमेकींना वाचून दाखवली होती. आमच्याकडे ते दिवस यायचे आहेत.

ज्यांनी मुलांना उठाबशा काढायला लावल्या, त्यांनी चूक केली. मी यजमानांना हा धागा वाचून दाखवला आणि तेही असेच म्हणाले. मग ते म्हणाले की चौकात चार तास उभे राहून एकही माणूस नावाने ओळखत नसेल, तर समोर येणारा प्रत्येक जण सारखाच दिसू लागतो. आधी ते बीटवर होते, तेव्हा घरी येऊन लोकांच्या गोष्टी सांगत, कोणाचे लग्न ठरले, कोणाचा मुलगा पुण्याला गेला. नाकाबंदीवरून आल्यावर ते काहीच सांगत नाहीत. आपण बीट अंमलदार मागत असाल तर त्याच्या पाळीच्या तासांबद्दलही एक ओळ लिहावी, ही विनंती आहे. नागरिकांनी लिहिलेली ती ओळ वर वाचली जाते. आम्ही लिहिली तर वाचली जात नाही.

वस्तीकर

काल रात्री समितीची बैठक झाली. हा धागा मी छापून नेला होता आणि शेजारच्या काकूंच्या घरीच बसलो, म्हणजे त्यांना बाहेर पडावे लागणार नाही. संध्याताईंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांनी सांगितले की त्यांना भीती चौकाची वाटत नाही, घरामागच्या बोळाची वाटते, जेथील दिवा सहा महिन्यांपासून बंद आहे. चौकातील गाडीमुळे झोप लागते, कारण कोणीतरी जागे आहे असे वाटते. आम्ही बावीस वर्षे शेजारी राहतो आणि तो बोळ कोणाच्याच मसुद्यात नव्हता.

त्यामुळे दोन्ही मसुदे बाजूला ठेवून नवीन लिहिला. त्यात काकूंचे म्हणणे पहिले आहे: रोज सात ते दहा चौकात थांबणाऱ्या पथकाऐवजी वेगवेगळ्या वेळी बोळातून, उद्यानामागून आणि शाळेच्या भिंतीलगत पायी फेरी व्हावी, पहाटेची फेरी त्यात असावी, आणि गुन्हा घडल्यावर लागणारी नाकाबंदी अवश्य लागावी. बीट अंमलदार किमान दोन वर्षे असावा, त्याला बाहेरच्या बंदोबस्तावर कमीत कमी पाठवावे, त्याच्या पाळीचे तास माणसाला झेपतील असे असावेत, असे लिहिले आहे. तक्रारीचे काय झाले ते पंधरा दिवसांत कळवण्याची मागणी उत्तर नागपूरच्या ताईंच्या शब्दांत तशीच घेतली. मासिक बैठकीत पानठेलेवाला, रात्रीचा चौकीदार, अभ्यासिकेतील दोन मुले आणि घरकाम करणाऱ्या दोन महिला बसतील, समितीचे पदाधिकारी दोनच. दिव्यासाठी महानगरपालिकेला वेगळा अर्ज केला आहे.

उठाबशांच्या प्रसंगाबद्दल एक परिच्छेद असावा की नाही यावर बराच वेळ गेला. काहींना वाटत होते की त्याने ठाणेदार दुखावतील आणि बाकीचे सगळे अडेल. शेवटी त्या बारावीतल्या मुलाला विचारायचे ठरले आणि मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, लिहा, पण माझे नाव लिहू नका. परिच्छेद ठेवला आहे.

निवृत्त_हवालदार

चांगले केले. निवेदन दोन प्रतींत न्या आणि आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. ठाणेदार नसतील तर दुय्यम निरीक्षकांकडे देऊन एक प्रत पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात पाठवा. सोमवारी सकाळी जाऊ नका, त्या वेळी सगळे न्यायालयाच्या कामात असतात. मंगळवारी दुपारी चारनंतर जा, आणि जमले तर त्या मुलालाही बरोबर न्या. त्याने ठाण्याची पायरी एकदा स्वतःच्या कामासाठी चढलेली बरी. त्याचे मन होत नसेल तर आग्रह करू नका. मी येतो बरोबर.